तसबिरीतला पुरुष आणि तसबिरीमागचा माणूस

मराठी समीक्षेने कवितेची वृत्ते मोजली, कादंबरीतील पात्रांची मने उकलली, नाटकातील स्वगतांवर हिरिरीने वादही घातले; परंतु दुकानाच्या दर्शनी भागावर एका हंगामापुरते टांगलेले छायाचित्र तिने कधी थांबून पाहिल्याचे आमच्या आढळात नाही. यात तिचा फारसा दोष आहे असेही नाही. जे चित्र विजार खपावी म्हणून काढले आणि विजार खपताच उतरविले, ते कलाकृती म्हणून तिच्यापुढे कोणी ठेवलेच नव्हते. तथापि दिवसाकाठी जितक्या कविता आपण वाचतो, त्याच्या शेकडोपट अशी चित्रे आपल्या डोळ्यांखालून जातात. आणि जे डोळ्यांखालून जाते ते मनात काहीच ठेवून जात नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आमच्यापुरते बोलायचे तर हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या वाटेवरच उभा आहे. कचेरी सुटली की उद्योग भवनाहून मेट्रोने राजीव चौक गाठावयाचा, तेथे गाडी बदलून करोल बागेस उतरावयाचे, आणि कधी बिऱ्हाडाकडे, कधी काही कामानिमित्त टँक रोडकडे वळावयाचे, हा आमचा नित्याचा क्रम. टँक रोड म्हणजे जीन्सचा घाऊक बाजार. दोन्ही हातांना दुकाने, आणि दुकानांच्या कपाळावर, खांबांवर, जिन्यांच्या भिंतींवर पुरुषच पुरुष. कोणी मोटारसायकलीला टेकलेला, कोणी खिशात अंगठे खोचून उभा, कोणी नुसताच कोठेतरी दूर पाहणारा. त्यांच्या खालून कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल वाट काढीत जातात. वरच्या पुरुषांना घाम नाही. खालच्यांना घामाखेरीज दुसरे काही नाही. या दोहोंमधून पिशवी सांभाळीत चालताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार येतो. वरच्या त्या पुरुषाला नाव आहे काय? असल्यास ते आपल्याला का सांगितले जात नाही?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या घरांत पुरुषांच्या तसबिरी पूर्वापार आहेत. आजोबांची पगडी, वडिलांचा कोट, निवृत्तीच्या दिवशी हार घालून काढलेला कचेरीतील समूह, ही सारी व्यक्तिचित्रे होत. त्यांत नाव आधी आणि चित्र नंतर असते. पगडी कोणाची आहे हे ठाऊक असते म्हणूनच ती पाहावयाची. जाहिरातीतील पुरुषाचे नेमके उलटे आहे. तेथे चित्र आधी, आणि नाव नाहीच. तो कोणी एक असून चालत नाही. त्याच्या जागी पाहणाऱ्याला स्वतःस उभे करता यावे, इतका तो रिकामा असावा लागतो. व्यक्तिचित्र म्हणते, ‘हे अमुक’. जाहिरातीचे चित्र म्हणते, ‘हे तुम्हीही होऊ शकाल’. मॉडेल या शब्दाला आपण मराठी प्रतिशब्द रुजविला नाही. पण या अर्थाने तो ‘नमुना’च होय, आणि नमुन्याला आडनाव नसते.

शिवाय पुरुष हा आपल्या कलेत पाहणारा होता. पाहिला जाणारा क्वचितच. गणपतराव म्हात्रे यांनी 1896 मध्ये विद्यार्थिदशेत घडविलेली ‘मंदिरपथगामिनी’ आपण शतकभर वाखाणीत आलो. तिच्या वाटेवर एखादा मंदिरपथगामी उभा करावा असे आपल्याला वाटले नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे सजविली, तीही बहुधा स्त्रीच्याच रूपाने. देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची चित्रे वेगळी, कारण तेथे पाहणे नव्हे, वंदन अभिप्रेत होते. मराठी मध्यमवर्गाला पुरुषाच्या शरीराचे वावडे होते असे मात्र नव्हे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे जीवितकार्य मानले, आणि तेच पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत, संग्रहालय उभारीत. तालीम, आखाडा, मल्लखांब यांचा आपणास अभिमान होता. परंतु शरीर बळासाठी असावे, आरोग्यासाठी असावे, फार तर देशासाठी असावे. ते देखणेपणासाठी असू शकते हे म्हणताना आपली जीभ अडखळते. पुरुष देखणा असणे चालेल; त्याने आपण देखणे आहोत हे जाणणे चालणार नाही, हा आपला अलिखित नियम.

या नियमाची खरी परीक्षा एका मराठी माणसानेच घेतली, आणि म्हणून प्रस्तुत विवेचनात श्री. मिलिंद सोमण यांचे उदाहरण घेणे आम्हांस अपरिहार्य वाटते. त्यांचा जन्म 1965 चा, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी. बालपणीची काही वर्षे इंग्लंडात, आणि पुढचे सारे दादरला, शिवाजी पार्काच्या परिसरात. वडील शास्त्रज्ञ, आई अध्यापिका. म्हणजे आपल्यांपैकी कोणाच्याही शेजारी असावे असे घर. पुत्र पोहण्यात राष्ट्रीय पातळीस पोचला. 1984 मध्ये काठमांडूस भरलेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने भारतासाठी रौप्यपदक मिळविले. त्यानंतर जाहिरातीचे क्षेत्र, आणि 1995 हे वर्ष.

त्या एका वर्षात या माणसाच्या दोन प्रतिमा देशभर झाल्या. पहिली अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ या गीताच्या चित्रफितीतली. एक राजकन्या वराच्या शोधात आहे, आणि अखेरीस एका लाकडी खोक्यातून हा पुरुष बाहेर येतो, असा तिचा थाट. गाणे स्त्रीचे, पाहणे स्त्रीचे, निवडणेही स्त्रीचे. पुरुषाकडे फक्त असणे. मंदिरपथगामिनीला शंभर वर्षे होत आली असता भूमिका अशा रीतीने उलटल्या, ही घटना लहान नव्हे. त्यातील विनोदही ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याच्या जन्माची नोंद ग्लासगोची, त्याच्या खोक्यावर शिक्का मात्र भारतीय बनावटीचा! नमुन्याला जन्मगाव नसते, हेच यातून सिद्ध होते.

दुसरी प्रतिमा ‘टफ’ या बुटांच्या जाहिरातीची. सोमण आणि 1992 च्या मिस इंडिया मधू सप्रे, दोघेही विवस्त्र, पायांत तेवढे बूट, आणि अंगाभोवती एक अजगर. छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता. दासगुप्ता हे आमच्या या दिल्लीचेच. त्यांचे वडील प्रदोष दासगुप्ता हे ख्यातनाम शिल्पकार आणि येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे प्रमुख होते. मुलाची नजर शिल्पांत वाढली हे त्या कृष्णधवल चित्रात दिसते. प्रकाश त्वचेवरून नव्हे, तर दगडावरून उतरावा तसा उतरलेला आहे. चित्रातील दोघेही आपल्याकडे पाहत नाहीत. म्हणून त्यात आमंत्रण नाही, आणि आमच्या मते अश्लीलताही नाही. आमचा आक्षेप वेगळाच आहे. जे चित्र बुटांसाठी काढले त्यात पाहणाऱ्याला बूट सर्वांत शेवटी दिसतात, आणि दिसल्यावर ते विसंगत वाटतात. म्हणजे कलाकृती म्हणून ते बुटांमुळे उणे झाले आणि जाहिरात म्हणून कलेमुळे. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याचे जे होते तेच या चित्राचे झाले.

त्यावर खटला झाला. अश्लीलतेचा आरोप तर होताच, शिवाय अजगरासाठी वन्यजीव संरक्षणाचा कायदाही पुढे आला. निर्दोष सुटका होण्यास 2009 साल उजाडले. चौदा वर्षे! फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस या आकड्याचे नवल वाटत नाही. वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. रामास वनवास झाला तितकी वर्षे ज्या चित्रावर कायद्याचा खल चालला, त्याच्यावर मराठीत समीक्षेचे म्हणून चार परिच्छेद आमच्या तरी वाचनात नाहीत. निषेध झाला, चेष्टा झाली, कौतुक झाले. पाहणे राहून गेले.

आता चित्रामागील माणसाकडे वळू. 2020 मध्ये श्री. सोमण यांचे आत्मकथन रूपा पै यांच्या सहलेखनाने इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याचे नावही ‘मेड इन इंडिया’च. आमच्या दृष्टीने या पुस्तकाचा सर्वांत बोलका भाग म्हणजे हे शीर्षक. स्वतःचे जीवन सांगावयास बसलेला माणूस नाव घेतो ते स्वतःच्या नावाचे नव्हे, शिवाजी पार्काचे नव्हे, जलतरणाचेही नव्हे. दुसऱ्याच्या गाण्याचे, ज्या खोक्यातून आपण बाहेर आलो त्या खोक्यावरील शिक्क्याचे. प्रतिमा माणसाला किती घट्ट धरून ठेवते याचा याहून स्पष्ट दाखला कोणता द्यावा? विक्रीच्या सोयीसाठी हे झाले असेल. पण विक्रीची सोय हीच तर प्रतिमेची जननी.

पुस्तकात जो माणूस भेटतो तो भिंतीवरील माणसाहून पुष्कळच साधा आहे. रोज ठरल्या वेळी पाण्यात उतरणारा, अंतर मोजणारा, अबोल. वाचकांनी मात्र त्यातले काय उचलले? लहानपणी तो शिवाजी पार्कावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेत जात असे, एवढा उल्लेख. पुस्तक निघताच त्या एका गोष्टीवर अनुकूल आणि प्रतिकूल असा गदारोळ उठला, आणि पोहण्याचे एवढे मोठे प्रकरण कोरडेच राहिले. आम्ही येथे कोणाचीच बाजू घेत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, माणूस समोर आला तरी आपल्याला हवी असते प्रतिमाच. एक मोडली की दुसरी करून घ्यावयाची.

मधू सप्रे यांच्या वाट्याला हेच अधिक कठोरपणे आले होते. 1992 मध्ये विश्वसुंदरीच्या स्पर्धेत अखेरच्या फेरीत त्यांना विचारण्यात आले की, देशाच्या प्रमुख झाल्यास काय कराल? त्या स्वतः खेळाडू होत्या. मोठे क्रीडांगण बांधीन, असे त्यांनी उत्तर दिले. त्या उत्तरामुळे मुकुट हुकला असे पुढे पुष्कळांनी म्हटले. मुकुटाचे राहू द्या. पण चित्राने तोंड उघडताच आतील माणूस बोलला, आणि तो माणूस चित्राशी जुळला नाही म्हणून आपण हिरमुसलो, हे खरे.

एक गंभीर आक्षेप येथे घेता येईल, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. चित्रामागे व्यक्तिमत्त्व लपलेले असते हे गृहीत तरी बरोबर आहे काय? पोहणाऱ्याचे खांदे काही छायाचित्रकाराने दिलेले नाहीत. वर्षानुवर्षे पहाटे पाणी कापल्याखेरीज तसे खांदे येत नाहीत. मग ते खांदे हेच त्या माणसाचे चरित्र नव्हे काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच खरा आहे. छायाचित्र खांदे दाखविते, पहाट दाखवीत नाही. ते फळ दाखविते आणि झाड झाकते. आणि पाहणाऱ्यास वाटते की, हे फळ विजारीबरोबर दुकानात मिळत असावे. पुढे 2015 मध्ये, पन्नाशीला काही महिने उरले असता, याच माणसाने झुरिक येथील आयर्नमॅन शर्यत पुरी केली. 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर धावणे, सारे एका दिवसात. तेव्हा कोठे लोकांच्या ध्यानी आले की, 1995 च्या त्या चित्रात जे उभे होते ते रूप नव्हते, सवय होती. चित्राचा अर्थ कळावयास वीस वर्षे लागली, आणि तोही दुसऱ्या चित्राने नव्हे, कृतीने कळला.

चित्रपटानेही एकदा ही गाठ सोडविण्याचा यत्न केला. सचिन कुंडलकर यांच्या ‘गंध’ या 2009 च्या मराठी चित्रपटात सोमण यांना एचआयव्हीने ग्रस्त माणसाची भूमिका दिली आहे. आरोग्याचा नमुना म्हणून देश ज्याला ओळखतो त्यालाच आजारी करून दिग्दर्शकाने आपल्या आठवणीतील प्रतिमेचा मार्मिक उपयोग केला आहे. तेथे देखणेपण ही जाहिरात राहत नाही. ते गमावण्याजोगे काहीतरी होते. अभिनयाचे गुणदोष काहीही असोत, पात्रनिवडीतील ही सूक्ष्मता दाद देण्याजोगी आहे.

अलीकडे छायाचित्राची मालकीही बदलली. 2020 च्या नोव्हेंबरात पंचावन्नाव्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र सोमण यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. ते त्यांच्या पत्नीने टिपलेले होते. पुन्हा गुन्हा नोंदला गेला. पंचवीस वर्षांत कायदा आणि आपण बहुधा तेथेच उभे होतो. बदलला तो एवढाच भाग की, आता बूट नव्हते, दुकान नव्हते, आणि प्रकाशक स्वतः मॉडेलच होता. मग येथे तरी खरा माणूस दिसतो काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. स्वतःचे चित्र स्वतः मांडणाराही मांडणी करतोच. याउलट 2016 मध्ये अहमदाबादहून मुंबईस धावत येताना महाराष्ट्राच्या रस्त्यावर त्यांच्या मातोश्री उषाताई पंचाहत्तरी ओलांडलेल्या वयात साडी नेसून, अनवाणी, त्यांच्या बरोबरीने धावल्या. ते चित्रण आम्हांस त्यांच्या साऱ्या तसबिरींत मोलाचे वाटते. तेथे पुरुष कोणाचा तरी मुलगा आहे. नमुन्याला आई नसते, माणसाला असते. व्यक्तिमत्त्व एकट्या देहात सापडत नाही, ते नात्यात उमटते, असे काहीसे त्या चित्रणावरून आमचे मत बनले.

हे सारे आम्ही ग्रंथ आणि चित्रे पाहून शिकलो असतो तर बरे झाले असते. प्रत्यक्षात शिकलो ते चुकून, आणि उशिरा. करोल बागेला लागूनच जुने राजेंद्रनगर. तेथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी आलेली मराठी मुले खोल्या करून राहतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यांतील एक मराठवाड्याचा तरुण दर रविवारी आमच्याकडे जेवावयास येत असे. वहिनींच्या हातच्या भाकरीसाठी येतो म्हणे. एकदा त्याने संकोचत सांगितले की, खोलीचे भाडे निघावे म्हणून तो एका व्यापाऱ्याच्या जीन्ससाठी छायाचित्रांना उभा राहतो. दिवसभरात तीस-चाळीस विजारी बदलावयाच्या. मापात बसत नाही ती पाठीमागून टाचण्या लावून बसवावयाची. श्वास रोखून धरावयाचा. आणि छापताना मान वरून कापून टाकतात.

‘मान का कापतात?’ आम्ही विचारले.

‘दादा, चेहऱ्याचे पैसे वेगळे असतात,’ तो हसून म्हणाला.

आम्हीही हसावयास हवे होते. त्याऐवजी आम्ही म्हणालो, ‘उद्या अधिकारी होणार आणि आज कमरेखालचा भाग बाजारात टांगणार? घरी कळले तर काय म्हणतील?’ तो काही बोलला नाही. भाकरी संपविली, ताट उचलून ठेवले, वहिनींना नमस्कार केला. पुढच्या रविवारी अभ्यास आहे असा त्याचा निरोप आला, त्याच्या पुढच्या रविवारी निरोपही आला नाही. परीक्षेचे वर्ष सरले तेव्हा तो खोली सोडून गेला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी टँक रोडवर एका जिन्याच्या भिंतीशी आम्ही थबकलो. हनुवटीच्या खाली कापलेले एक चित्र होते. चेहरा नव्हता, पण डाव्या पायावर भार टाकून उजवा गुडघा किंचित वाकविण्याची ती ढब आमच्या परिचयाची होती. आमच्या दारात चपला काढताना तो नेमका असाच उभा राही. नाव नाही, चेहरा नाही, आणि तरी ओळख पटली. ज्या चित्रात व्यक्तिमत्त्व असूच शकत नाही असे आम्ही ठरविले होते, त्यातच ते निःसंशय होते. ते दिसले एवढ्याचसाठी की, तो आमच्या पंक्तीला जेवलेला होता.

दुकानदाराला विचारले, ‘ये लड़का कौन है?’ त्याने वर पाहिलेही नाही. ‘पता नहीं जी, एजन्सीवाला लाया था। माल देखना है?’

या अनुभवाने आमचा सिद्धान्त पुरता फिरला. तसबिरीमागचा माणूस तसबिरीत आहे की नाही, हा प्रश्न तसबिरीला विचारण्यात अर्थ नाही. तो पाहणाऱ्यास विचारावयाचा आहे. चेहरा असूनही सोमण यांना आपण दोन तपे खोक्यातला पुरुष म्हणूनच पाहिले, आणि चेहरा नसूनही या मुलाला आम्ही ओळखले. फरक छायाचित्रकाराच्या कौशल्याचा नव्हता, परिचयाचा होता. समीक्षेचे काम निवाडा देण्याचे आहे असे आपण समजत आलो; आमच्या मते त्याआधीचे आणि अधिक अवघड काम परिचय करून घेण्याचे आहे. त्या रविवारी आम्ही निवाडा दिला, आणि परिचय तुटला.

बदलीच्या नोकरीत आपण सारेच नमुने होतो, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना वेगळी सांगावयास नको. आमच्या गळ्यातील ओळखपत्रावर आमचे चित्र आहे. दारावरील पहारेकरी ते रोज पाहतो आणि आम्हांस आत सोडतो. त्या चित्रात आमची मान शाबूत आहे, इतकेच. त्यामागे कोणी राहते काय हे विचारावे, असे त्या पहारेकऱ्यास वाटत नाही, आणि त्याचे नाव विचारावे असे आम्हांसही आजवर वाटले नव्हते.

हंगाम बदलताच ते चित्र उतरविले गेले. उतरविण्याच्या दिवशी आम्ही ते दुकानदाराकडून मागून आणले. भिंतीवर लावण्याजोगे ते नाही, आणि घरात तेवढी भिंतही नाही. गुंडाळी करून कपाटावर ठेवले आहे. त्या मुलाचा गावाकडचा पत्ता मिळाला आहे. पत्राचा मायना लिहून झाला आहे. पुढचे वाक्य अजून जुळावयाचे आहे.